टोपी जमली, मग स्वेटरची पाठ का आवळली? विणकाम शिकणारीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण आमच्या विणणाऱ्यांच्या गटातलं आहे. आठवड्यातून एकदा आम्ही आपापली लोकर-सुया घेऊन बसतो. कुणाचं आयुष्य विणण्यात गेलंय, कुणी नुकतंच टाके घालायला शिकलंय. जिच्याबद्दल लिहितेय तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. तिला इथे नुसतं 'ती' म्हणते.

ती गटात आली तेव्हा तिला फक्त सुलट टाका (समोरून इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसणारा) येत होता. तो तिला एका नातेवाईक बाईंनी लोकर उजव्या हातात धरून शिकवला होता. गटात आल्यावर तिने दोघीतिघींना डाव्या हाताच्या बोटावर लोकर घेऊन भराभर विणताना पाहिलं आणि तीही तसं करू लागली. सुलट टाका लगेच जमला. उलट टाका (समोरून आडव्या उंचवट्यासारखा दिसणारा) मात्र तिला कुणी शिकवलाच नाही. शेजारी बसून पाहत पाहत तिने तो आपला आपण बसवला. पुढचं सगळं या एका गोष्टीतून निघालं, पण ते कळायला बराच वेळ गेला.

पहिलं काम मफलर, सगळ्या ओळी सुलट. दुसरं काम टोपी. ती गोल सुईवर, खालपासून वरपर्यंत सुलट. कडेला रिबसुद्धा (सुलट-उलट टाक्यांची ताणली जाणारी पट्टी) नव्हती, कड आपोआप गुंडाळली जाते तशीच ठेवली होती. दोन्ही कामं सुरेख झाली. टोपीचे टाके इतके एकसारखे होते की गटातल्या सगळ्यांत अनुभवी काकूंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, तुझा हात बसला की! आता स्वेटर घे."

तिने भावासाठी व्ही गळ्याचा, बिनबाह्यांचा स्वेटर घ्यायचं ठरवलं. लोकर टोपीचीच, सुया त्याच जाडीच्या, ४ मिमीच्या. टोपीवर मोजलेलं माप १० सेंटिमीटरला २० टाके. छाती ९६ सेंटिमीटर हवी होती, म्हणजे पाठ ४८ आणि पुढचा भाग ४८. तिने पाठीला ९६ टाके घातले आणि विणायला लागली.

अडचण

पाठ मुंढ्यापर्यंत आली तेव्हा ती जरा काळजीत होती. टेबलावर पसरून मोजली तर रुंदी ४८ ऐवजी ४४ सेंटिमीटर भरली. पुढचा भागही तसाच झाला तर छातीत ८ सेंटिमीटर कमी पडणार, म्हणजे स्वेटर अंगात जाणारच नाही.

माप चुकणं ही एक गोष्ट. त्याहून तिला खटकत होतं ते कापडाचं रूप. टोपी मऊ आणि लवचिक होती, पाठ ताठ होती. कड किंचित एका बाजूला कललेली वाटत होती. टोपीवर प्रत्येक टाका इंग्रजी व्ही अक्षरासारखा उघडा दिसत होता, इथे मात्र एक ओळ उघडी आणि एक ओळ मिटलेली, बुडाशी पीळ पडलेली, असं आलटून पालटून चाललं होतं. लोकर तीच, सुईची जाडी तीच, हात तोच. तिने गटात विचारलं, "माझं काय चुकतंय?"

सुरुवातीचे सल्ले

पहिला सल्ला ताणाचा: लोकर घट्ट ओढतेस, बोट सैल सोड. तिने हात सैल सोडून काही ओळी विणल्या. टाके मोठे झाले, पीळ तसाच राहिला.

दुसरा सल्ला होता, "एक नंबर मोठी सुई घे." तिच्याकडच्या सुयांवर जुने इंग्रजी नंबर होते. त्या मोजणीत ४ मिमीची सुई म्हणजे ८ नंबर. म्हणून तिने ९ नंबरची सुई घेतली. या मोजणीत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक असते. ९ नंबर म्हणजे ३.७५ मिमी. अमेरिकन मोजणी नेमकी उलटी चालते, तिथे ८ नंबर म्हणजे ५ मिमी आणि ४ मिमीची सुई ६ नंबरची. सल्ला देणारीच्या मनात जाड सुई होती, तिच्या हातात बारीक सुई आली आणि कापड आणखी आवळलं. हा घोळ गटात आधीही झालेला आहे. त्या दिवसापासून आम्ही सुईबद्दल बोलताना मिलिमीटरच सांगतो.

तिसरा सल्ला: काळजी करू नकोस, धुऊन, ओलं असताना टाचण्या लावून पसर, सगळं सरळ होईल. ओलं करून पसरल्याने वाकडेतिकडे टाके सारखे होतात हे खरं, पण ज्या फासाच्या (टाक्याच्या वेटोळ्याच्या) दोन बाजू बुडाशी एकमेकींवरून गेल्या आहेत त्या पाण्याने सुटत नाहीत.

चौथा सल्ला सगळ्यांत महत्त्वाचा, कारण तो अर्धा बरोबर होता. एक ताई म्हणाल्या, "हे टाके पिळलेत. तू सुलट टाका फासाच्या मागच्या बाजूतून विणत असशील." तिने तिथेच एक ओळ विणून दाखवली. सुई पुढच्या बाजूतूनच जात होती. "नाही ताई, मी तर पुढूनच विणते," ती म्हणाली. ताईंनीही पाहिलं, मान हलवली आणि विषय तिथेच संपला. लक्षण बरोबर ओळखलं गेलं होतं. पण त्याचं एकच कारण डोळ्यांसमोर होतं आणि ते लागू पडेना, म्हणून लक्षणही सोडून दिलं गेलं. या प्रकरणात सर्वाधिक वेळ गेला तो इथे.

निदान

पुढच्या बैठकीत काकूंनी पाठ हातात घेतली. मधला एक टाका सुईवरून उतरवून त्यांनी तो मुद्दाम खाली सोडला. एरवी सुटलेला टाका सरसर खाली धावतो. हा धावेना. एक ओळ सुटायची आणि पुढच्या ओळीवर अडकायचा, मग सुईच्या टोकाने पीळ मोकळा करावा लागायचा. दहाबारा ओळी खाली गेल्यावर त्यांनी क्रोशाची सुई घेतली आणि आडव्या धाग्यांतून टाका एकेक पायरी वर चढवला, प्रत्येक फास सरळ ठेवत. वरपर्यंत आल्यावर कापड उजेडात धरलं. शेजारच्या उभ्या रांगांमध्ये एकाआड एक पीळ होता, मधली ही एक रांग मात्र तळापासून वर उघडी, टोपीवरच्यासारखी. तिने त्या रांगेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "म्हणजे लोकर चांगलीच आहे."

आता पीळ आहे याबद्दल शंका उरली नाही. तो कुठून येतो, एवढं शोधायचं होतं. तेव्हा गटातल्या एका फारशा न बोलणाऱ्या बाईंनी विचारलं, "मग टोपीत का नाही आला?" हा प्रश्न त्याआधी कुणीच विचारला नव्हता. टोपी आणि पाठ यांत वेगळं काय, याची उजळणी सुरू झाली. टोपी गोल विणलेली, कापडाची समोरची बाजूच कायम पुढे, म्हणून तिच्यात उलट टाका एकही नव्हता. पाठ सरळ सुयांवर, तिथे दर ओळीनंतर काम उलटवावं लागतं, म्हणून एक ओळ सुलट आणि एक उलट. मफलरमध्येही उलट टाका नव्हता. म्हणजे दोष असलाच तर उलट ओळीत.

काकू म्हणाल्या, "आता एक उलटी ओळ विण. अगदी सावकाश."

आम्ही सगळ्या तिच्या हाताकडे पाहत होतो. सुई टाक्यात बरोबर शिरत होती. लोकर पुढे होती, तीही बरोबर. मग सुईच्या टोकाने तिने लोकर खालून उचलली, आकड्याने ओढावी तशी, आणि फासातून मागे नेली. रूढ पद्धतीत उलट टाक्याला लोकर सुईच्या वरून येऊन तिला वळसा घालते. डाव्या हातात लोकर धरली की तो वळसा अवघड जातो आणि खालून उचलणं सहज होतं. सुईला तोच जवळचा रस्ता असतो. कुणी शिकवलं नाही तर हात आपोआप तिकडे वळतो.

फरक एवढाच पडतो की नवा फास सुईवर उलटा बसतो. रूढ पद्धतीत फासाची उजवी बाजू सुईच्या पुढे असते, तिच्या फासांची उजवी बाजू मागे होती. असा फास पुढच्या सुलट ओळीत पुढून विणला की त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींवरून जातात. पीळ दिसत होता सुलट ओळीत, त्याची सुरुवात होत होती आधीच्या उलट ओळीत. म्हणूनच तिची सुलट ओळ तपासून काही सापडलं नव्हतं.

आवळण्याचंही कारण इथेच होतं. खालून उचललेल्या लोकरीला कमी रस्ता कापावा लागतो, म्हणून त्या टाक्यात लोकर कमी जाते. वर पीळ पडला की टाका आणखी घट्ट होतो आणि त्याची लवचिकता जाते. माप टोपीवर घेतलेलं, जिथे यातलं काहीच नव्हतं. हिशेब चुकणारच होता.

पर्याय

आम्ही चार मार्ग तिच्यापुढे ठेवले आणि त्यावर बरीच चर्चा झाली.

पहिला मार्ग उलट टाक्याची सवय बदलण्याचा. लोकर वरून घ्यायची. काकूंचा आग्रह यासाठी होता: नमुन्यांमधल्या सूचना फास रूढ पद्धतीने बसला आहे असं धरूनच लिहिलेल्या असतात, मग कुठेही अडणार नाही.

दुसरा मार्ग उलट टाका आहे तसाच ठेवून पुढची सुलट ओळ फासाच्या मागच्या बाजूतून विणण्याचा. फास उलटा बसलाय, मग सुईही मागून घातली की पीळ पडत नाही. जगात कितीतरी लोक असंच विणतात आणि कापड नितळ येतं. ज्या ताईंनी "मागून विणतेस का" असं विचारलं होतं, त्यांना हे ऐकून आश्चर्य वाटलं, कारण त्यांना जी चूक वाटत होती तोच इथे उपाय निघाला. पण या मार्गाला अटी आहेत, त्या पुढे येतील.

तिसरा, आहे तसं पुढे विणायचं आणि स्वेटर लहान मापाच्या कुणाला तरी द्यायचा. हा पर्याय मी हसण्यावारी नेणार नाही. पिळलेला टाका मुळात दोष नाही. बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातल्या पारंपरिक मोज्यांवर पिळलेल्या टाक्यांची नक्षी मुद्दाम काढतात, ती उठून दिसते ती पिळामुळेच. कडेची रिब कडक हवी असेल तरी सुलट टाके पिळून विणतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमध्ये सापडलेले, साधारण इ. स. २५० ते ४२० मधले लाल लोकरीचे मोजे आहेत. ते एकाच सुईने, वेगळ्या तंत्राने केलेले आहेत, पण कापड पाहिलं तर पिळलेले टाके विणल्यासारखंच दिसतं. हे सगळं ऐकून तिला धीर आला, आणि माझ्या मते तेव्हा त्याचीच गरज होती. पण तिला ताठ स्वेटर नको होता.

चौथा, प्रत्येक रांग खाली सोडून क्रोशाने परत वर चढवायची. ९६ रांगा! वेळेचं सोडा, पाठीत लोकरच कमी गेलेली होती. टाके उघडले असते, रुंदी फारशी वाढली नसती.

निर्णय आणि कृती

काकूंनी सांगितलं की आज ठरवू नकोस, आधी दोन्ही पद्धतींचे तुकडे विणून आण. हा सल्ला मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. तिने सरळ सुयांवर दोन चांगले रुंद तुकडे विणले, धुतले, वाळवले आणि मधला भाग मोजला.

पहिल्या मार्गाचा तुकडा उघडा आला, पण असमान. वरून लोकर घेताना तिचा हात सैल पडत होता. उलट ओळी मोठ्या आणि सुलट ओळी लहान झाल्या, त्यामुळे मागच्या बाजूला दोन-दोन ओळींच्या जोड्या आणि मध्ये चर दिसत होते. दुसऱ्या मार्गाचा तुकडा एकसारखा आला, १० सेंटिमीटरला २१ टाके.

तिने दुसरा मार्ग घेतला. काकूंना तो पटला नाही आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलंही, पण पुढचा प्रत्येक प्रश्न त्यांनीच सोडवायला मदत केली.

मग पाठ उसवली. उसवलेली लोकर कुरळी असते, तशीच विणली तर टाके वेडेवाकडे येतात आणि मापही फसतं. म्हणून तिने लोकरीची लड केली, चार जागी सैल बांधली, कोमट पाण्यात भिजवून टांगून वाळवली आणि मग गुंडा केला. ४८ सेंटिमीटरला २१च्या हिशेबाने १०१ टाके आले. खालच्या एक सुलट एक उलट रिबला विषम संख्या सोयीचीच, दोन्ही कडांना सुलट टाका येतो. सरळ सुयांवरच्या रिबमध्येही नियम तोच राहिला: समोर सुलट दिसणारा टाका आधीच्या ओळीत उलट विणलेला असतो, म्हणून तो मागून, उलट दिसणारा नेहमीसारखा पुढून.

व्ही गळ्याशी आल्यावर अटी पुढे आल्या. गळ्याच्या दोन कडांना टाके कमी करताना एका बाजूचा टाका उजवीकडे आणि दुसऱ्या बाजूचा डावीकडे झुकावा लागतो, तरच कड रेखीव दिसते. उजवीकडे झुकण्यासाठी नमुना सांगतो, दोन टाके पुढून एकत्र विण. तिने तसं एका तुकड्यावर करून पाहिलं. फास उलटे बसलेले असल्याने दोन्ही पिळले आणि तिथे एक गाठाळ उंचवटा आला. काकूंनी उपाय दाखवला: दोन्ही टाके एकेक करून फिरवून सुईवर सरळ बसवायचे आणि मग पुढून एकत्र विणायचे. डावीकडे झुकण्यासाठी मात्र तिचं काम इतरांपेक्षा सोपं होतं. बाकीच्यांना दोन टाके आधी फिरवून घ्यावे लागतात, तिचे मुळातच फिरलेले. सरळ मागून दोनाचा एक केला की झालं. तिने हे दोन नियम नमुन्याच्या कागदावर गळ्याच्या ओळींशेजारी लिहून ठेवले.

परिणाम

पाठ आणि पुढचा भाग ठरलेल्या मापाचे झाले, कापड मऊ राहिलं.

गळ्याची पट्टी राहिली होती. गळ्याभोवती टाके उचलून ३.२५ मिमीच्या गोल सुईवर एक सुलट एक उलट रिब. गोल विणताना त्रास नाही हे टोपीवरून डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणून तिने निर्धास्त सुरुवात केली. चार-पाच फेऱ्यांनंतर तिने आपण होऊन काम थांबवलं. पट्टी आवळत होती. तिने सुईवरचे फास एकेक करून पाहिले. सुलट टाक्यांचे फास सरळ, उलट टाक्यांचे उलटे. गोल रिबमध्ये उलट टाक्यावर पुढच्या फेरीतही उलटच टाका येतो, म्हणजे उलटा बसलेला फास ती पुन्हा पुढून विणत होती आणि उलट रांगा पिळत होत्या. रिबमध्ये उलट टाके आत दडतात, त्यामुळे वरून काहीच दिसत नव्हतं. तिने ते पट्टीच्या ताणावरून ओळखलं. कुणाला विचारण्याआधीच पट्टी उसवली आणि तेवढ्यापुरते उलट टाके लोकर वरून घेऊन विणले. एकाआड एक टाका असल्याने तिथे सैलपणा आला नाही. पट्टी डोक्यातून आरामात जाते.

वेगळं काय करता आलं असतं

मापाचा तुकडा ज्या पद्धतीने स्वेटर विणायचा त्याच पद्धतीने विणायला हवा होता. गोल टोपीवरचं माप सरळ सुयांच्या कामाला चालेलच असं नाही, टाके पिळलेले नसले तरीही. सुलट आणि उलट ओळीतला हाताचा फरक फक्त सरळ सुयांवरच दिसतो. शिवाय तो छोटा तुकडा वेळेवर विणला असता तर पीळ पहिल्या दिवशी दिसला असता.

मदत करणाऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर आम्ही कापड पाहून सल्ले देत राहिलो, हात पाहिले ते शेवटी. एक सुलट ओळ विणून दाखवायला सांगितलं तेव्हाच एक उलट ओळही मागितली असती तर काम त्याच बैठकीत झालं असतं. आता कुणी अडचण घेऊन आलं की आम्ही आधी सुईवरचा फास पाहतो, उजवी बाजू पुढे आहे की मागे, आणि मग दोन्ही ओळी सावकाश विणायला लावतो. आधीचं कुठलं काम नीट झालं होतं हेही विचारतो.

तिने विचारताना टोपी सोबत आणली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. दोन्ही कापडं शेजारी ठेवली असती तर तो प्रश्न आणखी लवकर सुचला असता. पण नवशिक्याने हे ओळखावं अशी अपेक्षा धरणं योग्य नाही. ते मागून घेणं आमच्याकडे होतं.

तिने दुसरा मार्ग घ्यायला हवा होता का, यावर गटात अजून एकमत नाही. काकूंचं म्हणणं, जाळीच्या नक्षीत टाके वाढवणं आणि कमी करणं सारखंच असतं, तिथे दर फास तपासत बसावं लागेल, म्हणून आत्ताच सवय बदलावी. मला तिचा निर्णय बरोबर वाटतो, कारण तो तिने दोन तुकडे विणून, मोजून आणि कारण समजून घेतला. तरी काकूंचा मुद्दा खोटा नाही, आणि तिलाही तो पटलेला आहे. सध्या ती भावाच्या स्वेटरची उरलेली लोकर उजव्या हातात धरून उलट ओळींचा सराव करते. पुढचं काम तिने जाळीच्या नक्षीची शाल ठरवलं आहे.